बैलगाडीची किंमत

म्हाताऱ्या अशिलांची दया असती, तर रेश्मा भोईटेने बारामतीत दुसऱ्या मजल्यावर डिटेक्टिव्हचं ऑफिस थाटलं नसतं. कौसल्याबाई जिना चढून आल्या त्या गुडघा धरूनच. रेश्माने खुर्ची पुढे केली, तिचा सहकारी सोपान पाणी आणायला धावला.

"माजी बैलगाडी कुनीतरी बदलली, बाई."

"चाकांसकट?" सोपानने विचारलं.

कौसल्याबाईंनी पिशवीतून लाकडी पेटी काढली. आत कापडी पट आणि चार खाचांत चार पितळी सोंगट्या: इंजिन, घोडा, नांगर, बैलगाडी. 'साखरगाव' नावाचा साठ वर्षांपूर्वीचा खेळ. भवानीनगरला त्यांच्या सासऱ्यांना साखर कारखान्याच्या एका साहेबाने स्वतःची बदली झाल्यावर दिलेला.

"दिवाळी झाल्यावर जुन्या वस्तूवाला ऋतिक घरी आला. पेटी बगून म्हनला, दोन लाख येत्याल. मी गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख घेतली. परवा पेटी त्येच्या दुकानात ठेवली, तर काल पेटी परत दिऊन म्हनतोय बैलगाडी नकली. आता वीस हजार. आमचा पोरगा युवराज म्हनतो, त्येनंच बदलली."

"मग उकललंच की," सोपान म्हणाला.

ऋतिकचं दुकान जवळच होतं. तो आधीच चिडला होता.

"घरी नुसता अंदाज सांगितला होता, मॅडम. काल एकेक सोंगटी काढून बघितली. बाकीच्या खाचेत घट्ट बसतात, ही खुळखुळते. पेटी पूर्ण असली तरच भाव. उलट ज्याच्या पेटीतली बैलगाडी हरवलीय, तो एकट्या बैलगाडीचे लाखभर देईल. माझं नाव मात्र फुकट खराब झालं."

रेश्माने बैलगाडी उजेडात धरली. चाकांच्या फटींत कुंकू वाळून काळं पडलं होतं. त्यातच झेंडूची पाकळी चिकटलेली. उरलेल्या तिन्ही सोंगट्यांवरही तसंच कुंकू होतं.

कौसल्याबाईंना घेऊन दोघं भवानीनगरला त्यांच्या घरी आले. अंगणात नवी बुलेट उभी होती. लोणी देवकरच्या एका ओतकामाच्या कारखान्यातून पाळी संपवून युवराज नुकताच आला होता.

"त्या चोराला आत टाका! त्यानं सांगेपतूर आमाला किंमत तरी ठाव हुती का?"

बाजेवरचे दत्तोबा, कौसल्याबाईंचे यजमान, वर न बघताच म्हणाले, "मिटवा आता. कशाला कुनाच्या मागं लागायचं?"

"दत्तोबा, सोंगट्यांना कुंकू कोण लावतं?"

"मीच. वडलांची वस्तू हाय. खंडेनवमीला पेटी उघडून पूजतो. एकेक सोंगटी हातानं पुसतो. पूजेला दुसऱ्याचा हात लागू देत न्हाय."

"पेटी एरवी?"

"फळीवर. तिला कुलूप न्हाय."

रेश्माने बैलगाडी त्यांच्यासमोर ठेवली.

"या नकली गाडीवर खंडेनवमीचं कुंकू आहे, झेंडूसकट. खंडेनवमी दिवाळीच्या आधी येते. म्हणजे ऋतिकने पेटी पाहण्याआधीच ती घरात बदललेली होती."

सोपानने डोकं खाजवलं. "पण कुणी?"

"खऱ्या सोंगटीवरून साचा काढून पितळ ओतलं, की ते निवताना आकसतं. म्हणून ही खाचेत खुळखुळते. साच्यासाठी खरी हातात हवी आणि भट्टी जवळ हवी. तसा माणूस या घरात एकच आहे. बाहेरच्या बुलेटचे पैसे कुठून आले, युवराज?"

युवराजने बुलेटची किल्ली खिशात सारली. "मुंबईचा एक मानूस फोनवर भेटला. त्येला गाडीच पायजे हुती. पेटी कुनी इकंल असं वाटलं न्हाय."

"आन् ऋतिकच्या माथी मारलंस!" कौसल्याबाई ओरडल्या. मग त्या नवऱ्याकडे वळल्या. इतका वेळ कुणी न विचारलेला प्रश्न त्यांनीच विचारला. "तुमी हातानं पुसता. तुमाला कळलं न्हाय?"

दत्तोबांनी बाजेची सुतळी चिमटीत धरली. "कळलं. गाडी हलकी लागली."

"मंग मला ऑपरेशनची तारीख का घिऊ दिली?"

"वाटलं, त्या ऋतिकला कळनार न्हाय. पोरगं हाय गं आपलं. चव्हाट्यावर कसं आनायचं त्येला?"

रागापेक्षा वाईट काहीतरी कौसल्याबाईंच्या चेहऱ्यावर आलं. रेश्माला तिथून उठून जावंसं वाटलं.

"व्हय, पोरगं हाय," त्या म्हणाल्या. "आन् मी कोन हाय?"