पडद्याआडचे एकवीस

शलाकाची होडी प्रत्येक शर्यतीत खडकाजवळ आली की अडखळायची. कळ वेळेवर दाबली तरी होडी क्षणभर थिजायची आणि पुन्हा हलायची ती थेट खडकावर आदळायलाच.

"तू उशिरा वळवतेस," हेडफोनमधून फैजान म्हणाला. तो दापोलीहून खेळत होता. होडी दोघांची, शिडं त्याच्याकडे, सुकाणू हिच्याकडे. "रविवारी अंतिम फेरी आहे. असंच चाललं तर मी सुकाणूला दुसरं कुणी तरी बघतो."

आपला हात उशिरा चालत नाही, हे शलाकाला पक्कं माहीत होतं. महिन्यापूर्वी याच संगणकावर हाच खेळ सुरळीत चालत होता. मग आता काय बिघडलं?

२०४६च्या एप्रिलमधली ती दुपार होती. समुद्रकाठच्या आंबेखोल गावातल्या त्यांच्या घरात एकच डेस्कटॉप होता, तिच्या आजोबांचा, तात्यांचा. तात्या समुद्रजीवशास्त्रज्ञ (समुद्रातल्या जीवांचा अभ्यास करणारे) होते आणि जेवून जरा आडवे झाले होते. शलाकाने चालू प्रोग्रामांची यादी उघडली. खेळ सोडून एकवीस नावं! पडद्यावर त्यातलं एकही दिसत नव्हतं. तिने वरपासून खालपर्यंत सगळी बंद केली.

होडी खडकाला वळसा घालून अलगद निघाली.

"हां, अस्सं!" फैजान ओरडला. सलग तीन शर्यती त्यांनी जिंकल्या.

पाऊण तासाने तात्या उठून आले. पडद्याकडे बघून म्हणाले, "कासवांचा प्रोग्राम कुठे गेला?"

किनाऱ्यावर जाळीच्या कुंपणात कासवांची अकरा घरटी होती. वाळूत पुरलेले तापमापक दर मिनिटाला आकडा पाठवायचे. वाळू फार तापू लागली की संगणक कापडी छत सरकवून सावली करायचा. कारण वाळू फार तापली तर अंड्यांतली पिल्लं दगावतात.

शलाकाचा चेहरा उतरला. "तात्या, मी सगळंच बंद केलं."

ती अनवाणीच धावली. छत गुंडाळलेलंच होतं आणि झाडांची सावली सरकल्याने तीन घरटी भर उन्हात आली होती. तिने दोन्ही हातांनी दोर ओढून कापड पसरलं. मागून तात्या आले. त्यांनी तापमापक पाहिला. "पस्तीस अंश. तेहतीसच्या वर जायला नको."

"वाचतील ना?"

"आत्ताच सांगता येणार नाही. फार वेळ झालेला नाही, एवढंच."

ते रागावले नाहीत, याचंच तिला जास्त वाईट वाटलं. संध्याकाळी तिने विचारलं, "पण न दिसणारे प्रोग्राम माझी होडी कशी अडवत होते?"

"प्रोसेसर (संगणकातला आकडेमोड करणारा भाग) एका वेळी मोजकीच कामं करू शकतो," तात्या म्हणाले. "तो एकाला वेळेचा बारीकसा तुकडा देतो आणि लगेच दुसऱ्याकडे वळतो. इतक्या झटपट, की सगळं एकदमच चाललंय असं आपल्याला वाटतं. तुझा खेळ सेकंदाला साठ चित्रं काढतो. खडकाजवळ फेस, लाटा, सावल्या, चित्र अवघड. नेमका तेव्हाच दुसऱ्या कुणी वेळ मागितला, की चित्र वेळेत पुरं होत नाही. जुनंच पडद्यावर राहतं."

"आणि मला वाटतं होडी थिजली!"

"बरोबर. शिवाय मेमरी (चालू कामाची माहिती हाताशी ठेवण्याची जागा) भरली, की संगणक काही माहिती डिस्कवर नेऊन ठेवतो. ती परत आणण्यातही वेळ जातो."

दोघांनी सगळे प्रोग्राम पुन्हा सुरू करून यादी एकेक करून वाचली. फोटो क्रमाने लावून ठेवणारा प्रोग्राम सर्वांत जास्त वेळ खात होता. गाण्यांचा एक प्रोग्राम शलाकानेच महिन्यापूर्वी घातला होता. तीन प्रोग्राम तर कुणीच वापरत नव्हतं, तरी संगणक सुरू झाला की तेही सुरू व्हायचे. कासवांच्या प्रोग्रामपुढचा आकडा पाहून शलाका थबकली. तो मिनिटातून एकदाच जागा व्हायचा, निमिषभर.

"म्हणजे याने माझी होडी कधीच अडवली नव्हती."

"नाही," तात्या म्हणाले.

एकवीसपैकी कासवांचा धरून चारच ठेवले. फोटोंच्या प्रोग्रामला सकाळची वेळ दिली, शाळेच्या तासांची.

रविवारी ती दोघं दुसरी आली. शलाकाचं ऐकून फैजाननेही स्वतःच्या संगणकाची यादी उघडली होती. त्याच्याकडे चौदा निघाले. "शिडं मीही उशिराच सोडत होतो," त्याने कबूल केलं.

पुढच्या पंधरवड्यात तिन्ही घरट्यांतून पिल्लं बाहेर पडली. एकातून मात्र निम्मीच. ते उन्हामुळे की आणखी कशामुळे, हे तात्यांनाही सांगता आलं नाही. शलाका त्या घरट्यापाशी बराच वेळ बसून राहिली.

घरी आल्यावर तिने विचारलं, "तात्या, संगणकाच्या यादीत नुसती नावंच का असतात? हे काम कुणासाठी चाललंय, तेही नावापुढे दिसलं तर?"

"चांगलं होईल. माझ्या पाहण्यात तरी अजून तसं कुणी केलेलं नाही."

"मला जमेल?"

"आधी शिकावं लागेल. वर्षभर तरी."

शलाकाने खुर्ची पुढे ओढली. "मग आज कुठून सुरू करायचं?"