वादळ गटातली आई

जुईच्या शाळेच्या गणवेशावर, खिशाच्या जरा वर, गुंजेएवढा एक मणी शिवलेला होता. गावातल्या सगळ्याच पोरांच्या गणवेशावर तसा एक असायचा, तो गणवेश घरीही झोपेपर्यंत काढायचा नसे, आणि पोरांना त्याचं काही वाटायचं नाही. धास्ती असायची ती आयांना. कारण तो मणी पोराचं ऐकत नसे, आईचं ऐकायचा.

त्याला म्हणायचे स्वरपारखी. कल्पना तशी साधी होती. आई मुलाशी दिवसभर जे बोलते, त्यातले शब्द बाजूला ठेवायचे. आवाज बारीक की जाड, याच्याशीही देणंघेणं नाही. बघायचं ते एवढंच, की बोलण्यात जोर किती, दोन वाक्यांमध्ये दम किती घेते, हुकूम किती सोडते आणि विचारते किती. वीस वर्षांत लाखभर आयांचं असं बोलणं टिपलं, त्यांची मुलं पुढं कशी निघाली ते शेजारी मांडलं, आणि त्यावरून यंत्रानं आयांचे चार गट पाडले. हळू बोलून मोकळं सोडणारी ती झुळूक. सारखी मागं मागं असणारी ती सावली. मोजूनमापून बोलणारी, नियमात ठेवणारी ती पहारा. आणि मोठ्यानं, न थांबता, हुकमावर हुकूम सोडणारी ती वादळ. झालं! जगातल्या सगळ्या आया चार खणांत बसल्या.

लोकांना तर काय, असलं काही हवंच असतं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका नावाआधी गट विचारू लागल्या. स्थळ आलं की मुलीच्या आईचा गट आधी कळायचा. 'सावलीची लेक आहे, स्वतःचं स्वतः काही करायची नाही,' असं म्हणून चांगल्या चांगल्या मुली नाकारल्या गेल्या, आणि त्या मुलीला एक शब्द कुणी विचारला नाही.

जुईची आई, केतकी म्हेत्रे, वादळ निघाली. इचलकरंजीत राहून तिला ओळखणाऱ्या कुणाला यात नवल वाटलं नसतं. शहरात नवे, आवाज न करणारे माग कधीच आले होते. पण सूत इकडून तिकडं नेणाऱ्या धोट्याच्या जुन्या मागाचं जरा खडबडीत कापड परदेशात हौसेनं घेतात, म्हणून म्हेत्र्यांच्या शेडमध्ये बारा जुने माग अजून खडखडत होते. शेड आणि घर यांच्यात एक भिंत. त्या खडखडाटात केतकी लग्न होऊन आली, तिथंच बाळंत झाली, तिथंच बोलत आली. बोलत कसली, ओरडत. "जुईऽऽ! दूध पी, न्हाईतर मांजराला घालीन बग!" हे तिचं लाडाचं बोलणं. पापा घेतानासुद्धा ती ओरडायची. जुई पण खिदळत तेवढ्याच जोरानं उत्तर द्यायची, आणि दोघींचं बोलणं पार चौकापर्यंत ऐकू जायचं.

मग हे मणी शिवून देणाऱ्या बालस्वर मंडळाचं पत्र आलं. वादळ गटातल्या आईचं मूल सहा वर्षांचं झालं की त्याला शांतघरात ठेवायचं, असा नियम होता. शांतघर म्हणजे डोंगरावरची निवासी शाळा. आठवड्याचे पाच दिवस तिथं, दोन दिवस घरी. पत्रात लिहिलं होतं, 'मुलाच्या मनाला विश्रांती मिळावी म्हणून.' जुईला सहा वर्षं पूर्ण व्हायला चार महिने होते. तेवढ्यात आईचा गट बदलला तर पत्र रद्द होणार होतं.

केतकीनं पत्र दोनदा वाचलं. नवरा, सुदर्शन, म्हणाला, "अगं, पाच दिवसांचाच तर प्रश्न हाय." तशी ती त्याच्यावर अशी खेकसली की मागावरचा कामगार बाहेर येऊन बघून गेला. आणि मग तिच्या लक्षात आलं, की जुई गणवेश घालून दारातच उभी आहे.

त्या दिवसापासून केतकीनं आवाज खाली आणला. सोपं का होतं ते? आधी मागांचा आवाज अडवायला भिंतीला दोन पदरी जाड पत्रे मारून घेतले. बोलायच्या आधी मनात तीन आकडे मोजायचे. 'जेव' म्हणायचं नाही, 'जेवायचं का?' म्हणायचं. हाक मारायची नाही, जवळ जाऊन खांद्याला हात लावायचा. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी घरी पाहुण्या आलोय. पण लेकीसाठी बाई काय करणार नाही! दुसऱ्या महिन्यात मण्याची नोंद वादळावरून पहाऱ्यावर आली, आणि तिसऱ्यात चक्क झुळूक! सुदर्शननं गल्लीभर पेढे वाटले.

जुईनं मात्र पेढा खाल्ला नाही.

तिचं जेवणच कमी झालं होतं. शाळेतून आली की आईच्या पदराला धरून बसायची. खेळायला चल म्हटलं तर नको. एकदा दुपारी सुदर्शन जेवून आडवा झाला होता, तर ही त्याच्या छातीवर हात ठेवून कितीतरी वेळ उभी. केतकीनं मनात तीन आकडे मोजले आणि हळूच विचारलं, "काय झालं, बाळा?"

जुईनं आईच्या तोंडाकडं बघितलं आणि तितक्याच हळू आवाजात विचारलं, "आई, कोण गेलंय?"

"कुठं कोण गेलंय?"

"तू सांगंना झालीस. आजोबा गेले तवा पण सांगत न्हवतीस."

 मागवाल्यांच्या गल्लीत एक रीत आहे. कुणी गेलं, मग ते आपलं असो नाहीतर नसो, की गल्लीतले सगळे माग बंद. तेवढ्याच दिवसांत त्या घरांतून हळू बोलणं ऐकू येतं. एरवी कोण हळू बोलतंय! वर्षापूर्वी जुईचे आजोबा गेले तेव्हा तीन दिवस माग बंद होते आणि सगळं घर कुजबुजत होतं. पोरीनं जन्मात हळू आवाज ऐकला तो तेव्हाच. आणि गेले तीन महिने तिची आई तिच्याशी त्याच आवाजात बोलत होती. एवढंसं ते लेकरू, रोज घरातली माणसं मोजत होतं.

केतकी दुसऱ्या दिवशी जुईला घेऊन मंडळाच्या केंद्रात गेली. तिथल्या डॉक्टर मुग्धा आगाशे स्वरपारखी बनवणाऱ्यांपैकी एक होत्या. पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवून ठेवणाऱ्या, बोलणं सरळ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही थांबवलं नाही.

"केतकीताई, तुम्हाला एक दाखवते," त्या म्हणाल्या आणि पडद्यावर एक चढती रेघ आली. "पहिल्या वर्षी दहापैकी सहाच आया या चार गटांत नीट बसत होत्या. उरलेल्या चार कशातच नाहीत. सकाळी वादळ, दुपारी झुळूक, पोर आजारी पडलं की सावली. आता शंभरातल्या अठ्ठ्याण्णव बसतात."

"म्हंजे यंत्र हुशार झालं की."

"सगळे तसंच म्हणतात. माझा त्याबद्दल सत्कारही झाला. पण गेल्या सहा वर्षांत मी त्या यंत्राला हातसुद्धा लावलेला नाही."

"मग काय बदललं?"

"तुम्ही." डॉक्टरांनी चष्मा खाली घेतला. "आयांना खण माहीत झाले आणि त्या खणात बसायला शिकल्या. ते ऐकून यंत्राची खात्री आणखी वाढते. आता कशातच न बसणारी आई मला सापडत नाही. आम्ही आया मोजायला निघालो होतो हो. त्या घडवायला लागलो, हे आमच्या ध्यानातच आलं नाही."

 केतकीला एवढंच कळलं, की या बाईलाही रात्री झोप लागत नसणार. मग तिनं विचारलं, "माझ्या पोरीचं काय? मी पयल्यासारखी बोलले तर तुम्ही तिला नेणार. अशी बोलले तर ती भिऊन मरायची."

"एक वाट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "जुईच्या मनगटाला ही पट्टी लावू. नाडी कळेल. तुम्ही तिच्याशी आधी आत्तासारखं बोला, मग पूर्वीसारखं. तुमच्या मोठ्या आवाजानं तिची नाडी शांत होते असं दिसलं, तर मी स्वतः मंडळापुढं उभी राहीन. तुम्हाला सूट मिळेल. ती घरी राहील आणि तुम्हीही तुमच्यासारख्या राहाल."

केतकीला आनंदानं रडूच यायचं बाकी होतं. पट्टी बांधली. ती जुईला हळू म्हणाली, "घाबरायचं नाही हं, बाळा." पडद्यावर नाडीचा आकडा एकशे अठरा.

"आता ओरडा," डॉक्टर म्हणाल्या. "अगदी शेडमध्ये ओरडत होता तसं."

केतकीनं छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं. मनात आपोआप तीन आकडे मोजले गेले. आणि बाहेर आलं, "जुई... इकडं येतेस का?"

तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले, बारा माग आठवले, मुठी आवळल्या. नुसती हवा बाहेर आली. आपलाच आवाज, बत्तीस वर्षांचा, आणि आता कुठं ठेवलाय तेच सापडेना! ती खुर्चीवर बसली आणि आवाज न करता रडायला लागली. रडणंसुद्धा झुळूक गटातलं.

जुई आधी बघत राहिली. मग तिनं कमरेवर हात ठेवले, आणि खिडकीच्या काचा थरथरतील असं ओरडली, "ए आईऽऽ! रडू नगंस! ऊठ! हिकडं बग माझ्याकडं! मी हाय न्हवं हितं? डोळं पूस आदी!"

दम न घेता, हुकमावर हुकूम. केतकीचाच ठेका, केतकीचाच जोर, फक्त गळा पाच वर्षांचा. पट्टीवरचा आकडा भराभर उतरला. एकशे चार. शहाण्णव. नव्वद.

डॉक्टर पडद्याकडं बघत होत्या. यंत्राला जाड-बारीक आवाज कळत नव्हता, ठेका तेवढा कळत होता, आणि असा ठेका आईचाच असणार म्हणून त्यानं जुईलाच आई धरलं होतं. पडद्यावर एक नवी ओळ उमटली होती: 'आई: जुई सुदर्शन म्हेत्रे. वय: पाच. गट: वादळ.'

"हे पुसा," केतकी कुजबुजली.

"मला पुसता येत नाही, ताई. गट बदलतो तो मुलाशी बोलूनच, आणि तिला मूल कुठं आहे?" डॉक्टरांचा आवाज ओला झाला होता. "तुमची झुळूक आहे, त्यामुळे जुई घरीच राहील. तिला कोणी नेणार नाही. पण तिला मूल होईल तेव्हा हे पान उघडेल. ती त्या बाळाशी पहिला शब्द बोलण्याच्या आधी."

केतकीनं लेकीला पोटाशी धरलं. तिला खूप काही सांगायचं होतं, आणि ते सगळं मोठ्यानंच सांगण्यासारखं होतं.

बाहेर आल्यावर तिनं रिक्षाला हात केला. रिक्षा तशीच पुढं गेली. दुसरीला तिनं हाक मारली, तीही गेली. तिसरीला जुईनंच हाक घातली, "ओ मामाऽऽ! थांबा की!" आणि ती करकचून थांबली.

"काय आवाज हाय पोरीचा!" रिक्षावाला हसत म्हणाला. "आईवर गेलीया काय?"

"व्हय," केतकी म्हणाली.

रिक्षावाल्याला ते ऐकू आलं नाही.