बिनतारखेचे पेपर

स्कायलॅब पडणार म्हणून आमचे सगळे मराठी पेपर सकाळीच संपले, आणि त्याच दिवशी संध्याकाळी हा माणूस पहिल्यांदा आमच्या टपरीसमोर येऊन उभा राहिला.

एकोणऐंशी सालचा जुलै. अमेरिकेचं ते आभाळातलं यंत्र नेमकं कुणाच्या डोक्यावर कोसळणार, याची काळजी कर्जतला अशी लागली होती, की ज्यांनी जन्मात पेपर विकत घेतला नाही तेही आबांपुढे हात पसरत होते. आबा म्हणजे माझे वडील. स्टेशनबाहेरची पेपरची टपरी त्यांची. त्यांची कंबर धरली तेव्हापासून संध्याकाळी तिथे मी बसायची. मैना विठू ठोंबरे, मॅट्रिक पास, आणि आत्या म्हणते तसं, तोंडाला लगाम नाही.

"ताई, एक पेपर मिळेल?"

ताई! मी मान वर करून बघितलं. चांगला माझ्याहून मोठा दिसत होता. काखेत छत्री, आणि ती असूनही सदरा भिजलेला.

"संपले."

"आणि हे?" माझ्यासमोर इंग्रजी पेपरच्या दोन प्रती होत्या.

"हे विकायचे नाहीत. ह्यांचं डोकं उडवायचंय."

तो दोन पावलं मागे सरला. मला हसू आलं, पण दाखवलं नाही. आमच्या धंद्याची रीत अशी — जो पेपर खपला नाही, त्याची नावाची आणि तारखेची वरची पट्टी कापून परत पाठवायची. तेवढाच पुरावा, त्यावर पेपरवाले पैसे वळते करतात. उरलेला पेपर रद्दीत. मी तर घडीसुद्धा उलगडत नसे. मोठी कात्री घ्यायची नि सगळी पानं एकदम खच्च! आतल्या पानांवरच्या तारखाही त्यातच जायच्या.

"मग हे बिनडोक पेपर मला द्याल?"

"वाचायला, की भजी बांधायला?"

"परीक्षेला," तो म्हणाला, आणि लाजला. "दिल्लीची असते ना... कलेक्टर वगैरे होतात ती. यंदापासून मराठीतही लिहिता येणार आहे. पहिला टप्पा देऊन झालाय. त्यात पास झालो तर दिवाळीच्या सुमारास पुढचा. चालू घडामोडी फार विचारतात."

"आणि सध्या काय करता?"

"इथेच, पाटबंधाऱ्यात कारकून."

"उडी मोठीच आहे की! आणि आज स्कायलॅब तुमच्याच डोक्यावर पडली तर?"

"तर अभ्यास सुटला," असं म्हणून तो हसला. दोन्ही पेपर उचलून खोपोलीच्या गाडीकडे पळाला, आणि छत्री आमच्याकडेच विसरला.

त्याचं नाव हिराजी घरत, गाव खालापूरजवळ. हे दुसऱ्या दिवशी कळलं, छत्री न्यायला आला तेव्हा. मग तो रोजच येऊ लागला. ऑफिस सुटलं की आमच्या बाकड्यावर टेकायचा, मी उरलेल्या पेपरांची डोकी उडवायची, तो धडं गोळा करायचा. आणि गाडी येईपर्यंत माझी परीक्षा घ्यायचा.

"सांगा, निकाराग्वातून कोण पळालं?"

"मला काय ठाऊक? आमच्या शेजारची कोंबडी सकाळपासून दिसत नाही, ती तिकडे गेली असली तर बघा."

"बरं, केंद्रात आज कोणी राजीनामा दिला?"

"रोज कोणीतरी देतंच आहे. ज्यानं दिला नाही त्याचं नाव विचारा, ते सोपं पडेल."

तो खळखळून हसायचा. त्या दिवसांत दिल्लीत खरंच कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. सरकार पडलं, दुसरं आलं, तेही डुगडुगायला लागलं. काल ह्या बाजूला असलेला आज त्या बाजूला. हिराजी डोक्याला हात लावून म्हणायचा, "ह्यांना जरा परीक्षा होईपर्यंत तरी थांबवत नाही का?"

आणि हो, एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. 'ताई' गेली होती. कधी गेली कळलं नाही, पण गेली. तिच्या जागी मात्र काहीच आलं नाही. आला की नुसता खाकरायचा. मी वर बघायची... आणि त्याच्या नजरेत असं काहीतरी असायचं, की कात्री वाकडी चालायची. पण लगेच तो म्हणायचा, "आज किती राहिले?"

पेपर हो! पेपर किती राहिले!

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. हा येतो तो रद्दीसाठी, की माझ्यासाठी? रद्दीसाठी म्हणावं, तर गाडीची शिट्टी झाली तरी उठवत नाही. माझ्यासाठी म्हणावं, तर बोलणं सगळं निकाराग्वाचं! एकदा मी अबोलीचा गजरा माळून बसले. बघितला, अगदी नीट बघितला, आणि विचारलं काय तर — "अग्रलेखाचं पान आतच आहे ना?" असा राग आला मला, गजरा काढून त्याच पानात गुंडाळून द्यावा असं वाटलं.

तेवढ्यात सुंदरा आत्या नेरळचं स्थळ घेऊन आली. मुलगा रेल्वेत, घरची भातशेती, नाव ठेवायला जागा नाही. गणपतीच्या आधी येऊन बघून जातो म्हणाले.

आबा रात्री जेवताना म्हणाले, "मैना, माझं काय म्हनणं नाय. पण हो का नाय ते आदीच सांग. पावनं दारात आल्यावर तोंड फिरवायचं नाय. माझी पत जाते गं."

मी काय सांगणार? हो म्हणायला जीभ उचलेना, आणि नाही म्हणायला कारण काय देऊ? की एक माणूस रोज रद्दी न्यायला येतो? आबा म्हणाले, "बरं. गुरवारपर्यंत सांग. शुक्रवारी येतायत ते."

मग मी ठरवलं, आपणच काय तो सोक्षमोक्ष लावायचा. सोमवारी उरलेले सगळे पेपर गोणपाटाखाली सारले. पेपर नसताना थांबला तर माझ्यासाठी, नाही थांबला तर... तर नेरळ.

तो आला. खाकरला.

"आज सगळे खपले," मी म्हटलं.

"सगळे?"

"सगळे."

"एकही नाही?"

"नाही म्हटलं ना!"

त्याचा चेहरा असा उतरला... पण तो बाकड्यावर टेकला नाही. छत्री या हातातून त्या हातात केली. "बरं, मग... येतो मी," म्हणाला आणि निघून गेला. गाडीला अजून वेळ होता, तरी गेला. मी गोणपाटावरच बसून घेतलं. झालं. मिळालं उत्तर. मग रडू कशाचं येत होतं, तेही कळेना.

मंगळवारी तो आला नाही. बुधवारीही नाही. गुरुवारी सकाळी पेपरात मोठ्या अक्षरात आलं — लोकसभा विसर्जित. पुन्हा झुंबड उडाली. दुपारपर्यंत सगळे गेले. एक प्रत तेवढी मी काढून ठेवली. का ठेवली, मला विचारू नका. येणार नाही हे ठाऊक असून ठेवली. सकाळी आबांनी विचारलं तेव्हाही मी 'संध्याकाळी सांगते' म्हणून वेळ मारून नेली होती.

आणि संध्याकाळी खाकरण्याचा आवाज आला.

काखेत पेपरांचं हे एवढं बोचकं. चुलीच्या धुराचा वास येत होता त्याला. चेहरा असा, जणू घरच वाहून गेलंय.

"घोटाळा झालाय," तो म्हणाला. "आमच्या घराला गळती लागली. हे सगळे भिजले. आई बिचारीनं एकेक करून चुलीवर दोरीला वाळत घातले... आणि वाळले तसे गोळा केले. मी येत्या रविवारी बसून टिपणं काढणार होतो. आता कुठला आधीचा, कुठला नंतरचा, काही पत्ता नाही. एका पानावर एक गृहस्थ मंत्री आहेत, दुसऱ्यावर राजीनामा देतायत, तिसऱ्यावर पुन्हा शपथ घेतायत! तारीख तर तुम्ही..."

"मी कापली," मी म्हटलं. "आणा इकडे."

दोन दिवस न आल्याचा राग होताच. पण येसूबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, पेपर धुण्यासारखे वाळत घातलेले डोळ्यांपुढे आले आणि हसू फुटलं. बाकड्यावर आम्ही पसारा मांडला. वर पत्र्यावर पाऊस टपटपत होता. मागच्या बाजूला आबा कंबर शेकत पडले होते.

शब्दकोड्याखाली 'कालचं उत्तर' असतं, त्यावरून काही जुळले. मग गाडी अडली.

"हा कधीचा?" त्यानं एक पान पुढे केलं.

"हा पहिल्या आठवड्यातला," मी पटकन बोलून गेले. "तुमच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलं होतं, टाचणी लावून आला होतात. हा फोटो वर करून मीच दिला..."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी पेपरात डोकं खुपसलं.

"आणि हा..." तो हळूच म्हणाला, "हा त्याच्या नंतरचा. तुमच्या डाव्या बोटाला कात्री लागली होती. चिंधी बांधली होती. हळदीची."

"हा?" मी पुढचं पान त्याच्याकडे सरकवलं.

"अबोलीच्या दिवशीचा."

"बघितली होती वाटतं!"

"दिवसभर डोळ्यांपुढून जात नव्हती. म्हणून तर तो अग्रलेखाचा प्रश्न विचारला. दुसरं काही सुचलंच नाही."

मला हसावं की रडावं कळेना. त्यानं आणखी एक पान उचललं, आणि थबकला. "हा मागच्या आठवड्यातला. त्या दिवशी तुम्ही एकदाही हसला नाहीत. मी खूप प्रयत्न केला. काय झालं होतं?"

"आदल्या रात्री आबांनी नेरळचं सांगितलं होतं."

"नेरळचं काय?"

मी मान वर केली. खरंच, ह्याला ठाऊक नव्हतं!

"सगळ्या जगाची खबर ठेवता, आणि एवढं कळलं नाही? उद्या पाहुणे येतायत. मला बघायला."

हातातलं पान खाली गळलं.

"ठरलं... सगळं?"

"तुम्हाला काय त्याचं? त्या दिवशी पेपर नाहीत म्हटल्यावर पाठ फिरवून गेलात ना?"

"मी गेलो?" आता त्याचा आवाज चढला. "तुम्ही घालवलंत! गोणपाटाखालून पेपरांची टोकं दिसत होती मला. असून नाही म्हणालात. मला वाटलं, ह्यांना आता आपण नकोसे झालो, तोंडावर सांगता येत नाही म्हणून... दोन दिवस जेवण गेलं नाही मला, मैना."

मैना. ना ताई, ना बाई. नुसतं मैना. इतके दिवस रिकामी राहिलेली जागा एकदम भरली, आणि माझे डोळेही.

"मग आज कशाला आलात?"

"पेपर लावायला," तो म्हणाला. मग मान हलवली. "नाही. खोटं बोललो. तुला बघायला आलो. गळती लागली तेव्हा, देवाशपथ, मला आनंद झाला. म्हटलं, जायला कारण मिळालं."

"परीक्षेचं वाटोळं झालं त्याचा आनंद?"

"परीक्षा पुढच्या वर्षीही असते. तू..." तो अडखळला, "तू माझ्याशी... म्हणजे मी अजून कारकूनच आहे, कलेक्टर होईनच असंही नाही..."

"अरं पोरा, धड बोल की!" मागून आबांचा आवाज आला. आम्ही दोघंही ताडकन उठलो. आबा कंबरेवर हात ठेवून पुढे आले. "किती आडेवेडे! आमी काय बहिरं हाय का?"

हिराजीची बोबडी वळली. "नाही... म्हणजे मी पेपर न्यायला..."

"पेपर!" आबांनी माझ्याकडे बघितलं. "पोरी, ह्याच्या हापिसात पेपर कोन टाकतो? मी टाकतो. रोजचं दोन, एक मराठी, एक इंग्रजी. सायब चाळून ठेवतो आनि दिवसभर हाच वाचतो, मी डोळ्यांनी बगितलंय. ह्याला तुज्या रद्दीची काय गरज गं?"

मी हिराजीकडे वळले. तो कानापर्यंत लाल झाला होता.

"ऑफिसातला घरी नेता येत नाही..." तो पुटपुटला.

"आबा! तुम्हाला ठाऊक होतं, आणि मला सांगितलं नाहीत?"

"मी कशाला सांगू? त्याचं त्यानं बोलायचं. तुजं तू बोलायचं. म्हनून तर गुरवारपर्यंत म्हनलं." आबा बाकड्यावर टेकले. "आता गुरवारची सांज झाली. बोल. नेरळवाल्यांना काय सांगू?"

दीड महिना डोक्यात नुसता गुंता होता. कुठली गोष्ट आधी, कुठली नंतर, कशाचा कशाला मेळ नव्हता. आता सगळा समोर बाकड्यावर ओळीनं लागला होता... बटण, चिंधी, अबोली, गोणपाट.

"नको म्हणून सांगा," मी म्हटलं. "आजच सांगा."

"आनि ह्याला?"

"ह्याला... हो."

खोपोलीच्या गाडीनं शिट्टी दिली. हिराजी हलला नाही, नुसता वेड्यासारखा बघत उभा. "जा, आई वाट बघत असेल," मी म्हटलं, आणि आबांनी 'येत्या रविवारी आयेला घेऊन ये' म्हणून दटावलं, तेव्हा कुठे त्यानं बोचकं काखेला मारलं.

मी जपून ठेवलेला आजचा पेपर काढला. सवयीनं कात्री उचलली. पट्टीवर ठेवली... आणि हात थांबला. कात्री बाजूला ठेवून पेपर तसाच त्याच्या हातात दिला.

"ह्याचं डोकं राहिलं," तो म्हणाला.

"राहू दे. ह्याची तारीख आपल्याला लागेल."