जिज्ञासेत तालुक्यात पहिली

“मानवाच्या ज्ञात इतिहासात आज प्रथमच जिज्ञासेचे अचूक मोजमाप झाले आहे, आणि ती सर्वाधिक जांभुळसरी येथे आढळली आहे!”

विस्तार अधिकारी हेमराज बोपचे यांनी ही घोषणा करताच जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचे पटांगण टाळ्यांनी दुमदुमले. टाळ्या थांबल्यावर लक्षात आले की माईक सुरूच नव्हता. मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्या मुख्याध्यापक लोखंडे सरांनी हात वर केला म्हणून. माईक सुरू करून साहेबांनी घोषणा पुन्हा केली. टाळ्याही पुन्हा झाल्या.

तालुक्यातल्या प्रत्येक प्राथमिक शाळेत जिज्ञासामापी बसवून वर्ष झाले होते. बाकांखाली एक दाबपट्टी, फळ्याच्या वर एक यांत्रिक कान आणि भिंतीवर काटा. मुलांचे बोलणे साठवायला कायद्याने बंदी होती, त्यामुळे यंत्राला शब्द कळत नसत. कळायचा तो फक्त सूर. आधी रोखलेला श्वास, बाकावरची चुळबुळ आणि वाक्याच्या शेवटी वर जाणारा आवाज हे तिन्ही जुळून आले की यंत्र एक ‘का’ नोंदवी. ‘का’ हे जिज्ञासेचे एकक. ते नाव बोपचेसाहेबांनीच सुचवले होते आणि जावयाला दोनदा सांगितलेही होते.

जांभुळसरी, तासाला नव्वद का. सर्वांत शेवटी नाल्यापलीकडचा रानटोला, तासाला जेमतेम दोन. धोरण सरळ होते. शेवटची शाळा बंद करायची आणि तिची मुले पहिल्या शाळेत आणून बसवायची, म्हणजे त्यांनाही जिज्ञासेची लागण होईल. रानटोला बंद करण्याचा आदेश साहेबांच्या टॅबवर तयार होता. फक्त अंगठा टेकवायचा बाकी होता.

रानटोल्याच्या मडावी बाई आपली मुले घेऊन पायी आल्या होत्या. मुलांचे पाय गुडघ्यापर्यंत नाल्याच्या चिखलाचे होते.

“वाईट वाटून घेऊ नका बाई,” साहेब मायेने म्हणाले. “पोरं गप्प असतात, त्यात तुमचा काय दोष?”

“गप्प नसतात जी,” बाई म्हणाल्या. “बाकावर नसतात.”

साहेबांनी ऐकल्यासारखे केले.

वर्षभर त्यांनी यंत्राचे अहवाल वाचले होते, पण वर्गात बसायचा योग आला नव्हता. चहा-पोह्यांची सोय नेहमी मुख्याध्यापकांच्या खोलीत असे. आज मात्र रानटोल्याच्या मुलांना जिज्ञासा म्हणजे काय ते दाखवायचे होते. म्हणून सत्काराची शाल गळ्यात तशीच ठेवून साहेब त्या मुलांशेजारी शेवटच्या बाकावर बसले.

लोखंडे सरांनी फळ्यावर ‘बाष्पीभवन’ लिहिले. लगेच एक हात वर झाला.

“सर, मी एकीला जाऊ का?”

“बस खाली.”

काटा हलला. एक का.

“सर, मी जाऊ का? लई लागली.”

“मधल्या सुट्टीत.”

दोन का. तिसरा मुलगा उभा राहिला तो पायाला पाय घट्ट लावून. त्याचा आवाज शेवटी इतका वर चढला की यंत्राने हिरवा दिवा लावून ‘तीव्र जिज्ञासा’ अशी खास नोंद केली.

साहेब आधी हसले. मग ते हसू कुठे ठेवावे ते त्यांना कळेना.

“लोखंडे, ही पोरं करंगळी नाही दाखवत?”

“करंगळी आपण बंद केली जी. पूर्ण वाक्यात विचारायचं. भाषा सुधारते.”

“आणि मुतारी?”

“आहे ना जी! तालुक्यात इतकी स्वच्छ दुसरी नाही. कुलूप लावून ठेवतो.”

“उघडता कधी?”

“तपासणी आली की.” सरांच्या चेहऱ्यावर निखळ प्रामाणिकपणा होता. “तुम्हीच तर दहापैकी दहा गुण दिले साहेब. म्हणाला होतात, अशीच ठेवा.”

“मग मधल्या सुट्टीत?”

“पोरं मागं शेताच्या धुऱ्यावर जातात. पोरी पाणीच पीत नाहीत. सवय झाली त्यांना.”

साहेबांनी मान वळवून मागे उभ्या असलेल्या मडावी बाईंकडे पाहिले. खरे तर पाहायचे नव्हते.

“आमच्या मुतारीला दारच नाही जी,” बाई म्हणाल्या. “जुन्या लुगड्याचा पडदा लावला. ज्याला लागते तो जातो, येतो. विचारायचं कशाला?”

साहेबांचे कान तापले. शाल एकाएकी टोचू लागली. जूनपासून हे यंत्र राज्यभर लागणार होते, ते त्यांच्याच शिफारशीवरून. ते बाकावर डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. श्वास अडकला.

“म्हणजे हे नव्वदच्या नव्वद...?”

आवाज शेवटी वर गेला. भिंतीवर हिरवा दिवा लागला. तीव्र जिज्ञासा.

सगळा वर्ग वळून साहेबांकडे बघू लागला. लोखंडे सरांनी हात वर केला. टाळ्या झाल्या.

टॅबवरचा आदेश अजून उघडाच होता. अंगठा टेकवला, तर रानटोल्याची मुले उद्यापासून याच बाकांवर बसणार होती. आदेश परत पाठवायचा, तर खाली कारण लिहावे लागणार होते. कारण एका शब्दात मावले असते. पण तो शब्द वरच्या कार्यालयात पाठवायच्या कागदावर साहेबांनी उभ्या नोकरीत लिहिला नव्हता. अंगठा काचेच्या वर तरंगत राहिला.

तेवढ्या वेळात रानटोल्याची दुसरीतली पिहू उईके उठून बाहेर गेली होती. तिने कुणाला विचारले नव्हते, त्यामुळे ती गेल्याचे कुणाला कळलेही नव्हते. बाहेरून कुलूप हलवल्याचा आवाज आला, पुन्हा एकदा आला, आणि थांबला.

पिहू दारात परत आली. तिने लोखंडे सरांकडे पाहिले, हिरव्या दिव्याकडे पाहिले. शेवटी शाल ज्याच्या अंगावर आहे तोच इथला मोठा माणूस असणार असे ठरवून ती साहेबांच्या बाकापाशी येऊन उभी राहिली, पायाला पाय लावून.

“साहेब,” ती हळूच म्हणाली, “मी आमच्या शाळेत जाऊन येऊ? पळत जाते.”