हवेचा दगड

हवेचा दगड करता येतो का? ऋतुजा सानपने हा प्रश्न वर्गात विचारला असता, तर सगळे हसले असते. पण सिन्नरजवळच्या माळावर ‘पवनशिला’ संशोधन केंद्रात तिची आत्या, डॉ. सुलभा सानप, नेमकी त्याच खटपटीत होती.

सुट्टीत ऋतुजा तिथे पोचली, तेव्हा घराएवढे पंखे घोंघावत होते.

“आत्या, एवढे पंखे कशाला गं?”

“हवा ओढायला. आतल्या जाळ्यांना कार्बन डायऑक्साइड (धुरातून हवेत मिसळणारा आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरणारा वायू) चिकटतो. बाकीची हवा निघून जाते. जाळ्या तापवल्या की तो सुटतो. मग तो पाण्यात विरघळवायचा आणि जमिनीत खोल सोडायचा.”

“म्हणजे सोडा वॉटर! पण बाटली उघडली की तो फसफसून वर येतो. इथेही आला तर?”

“सगळ्यांना हीच भीती आहे,” आत्या म्हणाली. “पण आपल्या पायाखाली बेसॉल्ट (लाव्हा थिजून झालेला काळा खडक) आहे. ते आंबट पाणी खडकातलं कॅल्शियम सोडवून घेतं. कॅल्शियम आणि कार्बन एकत्र आले की कॅल्साइट नावाचं पांढरं खनिज बनतं. मग तो वायू राहतच नाही, दगड होतो. निदान तसं व्हायला हवं. गेल्या वर्षी सोडलेल्या पाण्याचं काय झालं, ते आज कळेल. नाही झालं, तर हे केंद्र बंद होईल.”

ड्रिलवर इक्बालभाई होते. त्यांनी खोलवरून गाभा (पोकळ ड्रिलने कापून काढलेला खडकाचा लांब दंडगोल) वर खेचला, धुतला आणि ते ओरडलेच, “मॅडम, बघा!”

काळ्या दगडात पांढऱ्या शिराच शिरा होत्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ऋतुजा मात्र वाकून बघत राहिली.

“आत्या, आमच्या विहिरीच्या दगडातही अशाच पांढऱ्या रेघा आहेत. मग या नवीन कशावरून?”

टाळ्या थांबल्या. “पोरी, आत्ता कुठे हसलो होतो!” इक्बालभाई म्हणाले.

आत्या मात्र रागावली नाही. “बरोबर विचारलंस. जुन्या रेघाही असतातच. आपल्याला सिद्ध करावं लागेल.”

तिने समजावून सांगितलं, “हवेतल्या कार्बनमध्ये किंचित किरणोत्सारी कार्बन (आपोआप हळूहळू संपत जाणारा कार्बन) असतो. कोट्यवधी वर्षं जुन्या रेघांमधला तो कधीच संपून गेलाय. या शिरा हवेतून आल्या असतील, तर त्यांत तो सापडेलच. तू विहिरीतला तुकडा आण. दोन्ही तपासू.”

इक्बालभाईंनी ऋतुजाला गाडीतून विहिरीवर नेऊन आणलं. आधी विहिरीचा दगड किरणोत्सारी कार्बन मोजणाऱ्या यंत्रात गेला. पडद्यावरची रेषा सपाट राहिली. म्हणजे तो जुनाच.

मग गाभ्यातली पांढरी भुकटी घातली. ऋतुजाने आत्याचा हात घट्ट धरला. पडद्यावरची रेषा जराशी हलली आणि मग सरळ वर चढत गेली.

आत्याने चष्मा काढला आणि ओढणीने डोळे पुसले. “हवेतलाच आहे,” ती हळूच म्हणाली. “इक्बालभाई, आपण केलं!”

“आपण केलं, मॅडम!” इक्बालभाईंनी ऋतुजाला उचलून खांद्यावर घेतलं, आणि या वेळी टाळ्या थांबता थांबेनात.

संध्याकाळी केंद्राचं काम पुढे चालू ठेवायची परवानगी आली. ते सांगणाऱ्या साहेबांना आत्या फोनवर म्हणाली, “आमच्या कामातली सगळ्यात महत्त्वाची शंका सातवीतल्या मुलीने काढली, हेही लिहून घ्या.”

ऋतुजाने पांढऱ्या शिरेवरून बोट फिरवलं. गेल्या वर्षी हे हवेत होतं. आता ते कुठेही जाणार नव्हतं.

“आत्या, असा काळा खडक अजून कुठे कुठे आहे?”

“सह्याद्रीपासून थेट नागपूरपर्यंत.”

“बाप रे! मग पुढचं भोक कुठे पाडायचं?”

आत्या हसली आणि तिने टेबलावर महाराष्ट्राचा नकाशा पसरला. “ये, दोघी मिळून ठरवू.”