दोन वाजताची नोंद

नदीच्या पाणीमोजणी केंद्राच्या ओट्यावर तिघे नवे इंटर्न पाय पसरून बसले होते. उद्यापासून त्यांची चोवीस तासांची मोजणी होती. त्यांच्यातला चष्मेवाला म्हणाला, "काका, रात्रीचे एकदोन आकडे अंदाजानं टाकले तर कुणाला कळतंय? पाणी काय उठून साक्ष देणार आहे?"

बाकीचे दोघे हसले. एकवीस वर्षं ऑफिसची जीप चालवलेले काका हसले नाहीत.

"तुमच्या आधी एक होती," ते म्हणाले. "तिनंच मला सांगितलं. जीपमध्ये, शेजारी बसून. आवाज असा, जणू किराणाची यादी वाचतेय. तो दिवा जरा बारीक करा रे."

मग त्यांनी सांगितलं ते असं.

दोन वर्षांपूर्वीची सोळा नोव्हेंबर, शनिवार. पहाटे साडेपाचला काकांनी तिला पुलाखालच्या मोजणीच्या खोलीवर सोडलं. बरोबर चोवीस रिकाम्या बाटल्या, एक नोंदवही, एक घोंगडी. काम सोपं होतं. दर तासाला चौदा पायऱ्या उतरायच्या, पाण्यात रोवलेल्या पट्टीवर पातळी बघायची, वहीत लिहायची, एक बाटली भरायची. सहाला सुरू, दुसऱ्या पहाटे पाचला शेवटची.

बाळंतपणानंतर दोन वर्षं घरी बसून ती या इंटर्नशिपला आली होती. तीन महिने संपत आले होते. पुढे पक्की जागा एकच होती, आणि ती या चोवीस आकड्यांवर ठरणार होती. एकही गळला तर जागा दुसऱ्याला. ऑफिसच्या मॅडमनी तसं तोंडावर सांगितलं होतं. तिला मात्र वाटे, आपल्याला घेतलं हीच कुणाची तरी चूक असावी. गाळाच्या कणांची मापं तिला तोंडपाठ होती, आणि मुलीच्या तापाचं औषध किती द्यायचं ते दर वेळी बाटलीवर वाचावं लागे.

रात्री एकची नोंद झाली. एक मीटर बेचाळीस. ती खोलीत येऊन भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली, तोच नवऱ्याचा फोन आला.

"अगं, अंग तापलंय हिचं. आई आई करतेय. नुसती बोल तिच्याशी, झोपेल."

ती बोलत राहिली. मुलगी रडत राहिली. ती तेच तेच शब्द पुन्हा म्हणत राहिली, आणि हळूहळू त्यांचा अर्थ निघून गेला. पलीकडे रडणं थांबलं तेव्हा तिनं घड्याळ बघितलं. दोन बावन्न.

तिला काहीच वाटलं नाही. पेन उचललं आणि दोनच्या रकान्यात लिहिलं, एक बेचाळीस. पाऊस नाही, वारा नाही, पाणी जाणार कुठं? तीन वाजता दोन बाटल्या भरायच्या, एकीवर दोनची चिठ्ठी लावायची. झालं.

"बघ, मी म्हणत होतो ना..." चष्मेवाला पुटपुटला.

"ऐक," काका म्हणाले.

दोन बाटल्या घेऊन ती बाहेर आली. पायऱ्या ओल्या होत्या.

सगळ्या. अगदी वरच्यासुद्धा. पायाखाली गाळ... मऊ, ताजा.

ती उतरली. पट्टीवर उजेड टाकला. एक बेचाळीस. पाणी जागच्या जागी. हललंही नव्हतं.

तिनं पहिली बाटली भरली. दुसरी पाण्यात घातली.

"दोनचं किती?"

पट्टीच्या पलीकडून. दमलेला आवाज. बाईचा की पुरुषाचा, कळेना. तिथं उभं राहायला जमीन नव्हती.

भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. बोटांना पाण्याचा गारवाही लागत नव्हता.

"एक... बेचाळीस," ती म्हणाली.

...

"दोनचं किती?"

या वेळी मागून. वरच्या पायरीवरून.

ती वळली नाही.

...

"दोनचं किती?"

कानाशी. श्वास नव्हता त्यात. नुसते शब्द.

तिला मुलगी आठवली नाही. नवरा आठवला नाही. जागा आठवली. फक्त जागा. आणि तरी तोंडातून निघालं,

"घेतलं नाही. मी बघत नव्हते."

...

मग काहीच नाही. दुसरी बाटली तिनं उलटी केली. वर आली. आकडा खोडला, शेजारी लिहिलं, 'घेतलं नाही.' तीनचा आकडा लिहिला. चारची नोंद केली. पाचची केली.

साडेसहाला काका मॅडमना घेऊन आले. मॅडमनी जीपच्या बॉनेटवर वही ठेवली, रकान्यावरून बोट फिरवलं, ते खोडलेल्या जागी थांबलं.

"तेवीसच. एवढ्या जवळ येऊन? जागा गेली, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

नवऱ्याचा निरोप आला होता, ताप उतरला म्हणून. तिनं तो वाचला आणि फोन खिशात ठेवला. चेहरा कोराच.

घोंगडी आणायला काका खोलीत गेले आणि दारातच थबकले. चारी भिंतींवर, जमिनीपासून हातभर उंचीवर, गाळाची एक तपकिरी रेघ होती. पट्टी धरून ओढल्यासारखी सरळ. पूर ओसरला की उरते तशी. बोट लावलं तर ओलं झालं. फक्त एका भिंतीवर, मध्येच, वीतदीड वीत जागा कोरी होती.

काका बाहेर आले. ती जीपमध्ये चढत होती, पाठमोरी. तिच्या पांढऱ्या स्वेटरवर, या काखेखालून त्या काखेखाली, तीच रेघ होती.