कॅरिअरवरचं वजन

परीक्षितच्या सायकलच्या मागच्या टायरचा ठसा ओल्या वाळूत अंगठ्याच्या पेराइतका खोल होता.

माझ्या सायकलचा जेमतेम नखाएवढा.

मी पाणी तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते. मोजल्याशिवाय काही लिहीत नाही. हे वाचून कुणी ‘भास झाला असेल’ म्हणेलही, पण घडलं ते असंच. गेल्या जूनमधला दुसरा शनिवार. भर दुपार, लख्ख ऊन. लेक मिशिगनमधलं एक छोटं बेट, जिथे मोटारींना बंदी आहे. सकाळच्या बोटीने जायचं, भाड्याच्या सायकलवर आठ मैलांचा वळसा घालायचा आणि चारच्या शेवटच्या बोटीने परतायचं.

निघताना सायकलवाल्या म्हाताऱ्याने आम्हा नवरा-बायकोला हटकलं होतं.

"कॅरिअरवर कुणाला बसवायचं नाही हं. त्यांच्यासाठी तीन चाकांची सायकल आहे माझ्याकडे."

मागे रांगेत कुणी असेल, असं मला वाटलं.

मी वळून पाहिलं नव्हतं...

आता ठसा बघून मला वेगळाच संशय आला.

माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी शिकागोला आमच्याकडे आल्या आणि इथेच गेल्या. त्यांची एकच इच्छा होती. अस्थी रामटेकला, अंबाळ्याच्या तलावात सोडायच्या, बाबांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, सोडल्या तिथेच. चौदा महिने झाले. लाल कापड बांधलेला तांब्या अजून गेस्टरूमच्या कपाटात होता. भारतात गेलं की परत यायला व्हिसाचं नवं स्टॅम्पिंग आलं. ते अडकलं तर दोघांच्या नोकऱ्या, घर, सगळंच गेलं. दुसऱ्या कुणाच्या हाती तांब्या पाठवायला परीक्षित तयार नव्हता. तो तिकिटांचा विषय काढायचा, आणि ‘पुढच्या महिन्यात बघू’ मी म्हणायचे.

दर वेळी मीच.

म्हणजे आज हा मला न सांगता तांब्या घेऊन आलाय. इथेच पाण्यात सोडून मोकळा होणार.

"सॅक दाखव."

"का?"

"दाखव तर."

पोह्यांचा डबा, दोन बाटल्या, जॅकेट. बस्स.

"तुला काय वाटलं, आईला मी पोह्यांच्या डब्याशेजारी कोंबून आणलं?" तो हसला. मग हसायचा थांबला. "उल्का, खरंच तसं वाटलं तुला?"

"तुझा टायर बसलाय."

"मी जाड झालोय, यार. चल आता, लॅब बंद कर."

मी सायकली बदलून घेतल्या. मैलभर गेल्यावर पुन्हा वाळू लागली. उतरून पाहिलं.

खोल ठसा आता दुसऱ्या सायकलचा होता...

जिच्यावर परीक्षित बसला होता.

सॅक तर मी माझ्या पाठीवर घेतली होती.

आणि मला आठवलं. सकाळी आमच्या मागे रांग नव्हतीच. दुकानात आम्ही दोघंच होतो.

मग मी मुद्दाम त्याच्या मागे राहिले. वारा पडला होता. सीगल दिसेनासे झाले होते. प्रत्येक खड्ड्याला त्याच्या कॅरिअरची स्प्रिंग कुरकुरायची... आणि क्षणभराने पुन्हा एकदा. कुणीतरी सावरून बसल्यासारखी.

आणि त्याचा शर्ट.

डावीकडे, कमरेपाशी, कापड मागे ओढलं गेलं होतं. चार चुण्या. मी मोजल्या.

आई सांगायच्या, नागपूरला बाबांच्या सायकलवर त्या एका बाजूला पाय सोडून बसायच्या आणि बाबांचा शर्ट मुठीत धरून ठेवायच्या. इस्त्री मोडते म्हणून बाबा रोज चिडायचे.



बोटीचा धक्का अर्ध्या मैलावर असताना त्याची सायकल थांबली. रस्ता सपाट. पावणेचार झालेले. तो पेडलवर उभा राहिला, तरी चाक हलेना. चेन जागेवर होती. ब्रेक सुटे होते. मी सगळं हाताने तपासलं.

बोटीचा पहिला भोंगा झाला.

"सायकल टाक इथेच. चालत जाऊ."

"उल्का... मला उतरता येत नाहीये."

मी त्याच्या शर्टाला हात लावला. चुण्या ताठ होत्या. सरळ करू गेले, तर सुटेनात.

माझ्या आजोबांच्या दहाव्याला कावळा शिवत नव्हता. दोन तास सगळे घाटावर उन्हात उभे होते. शेवटी काका पुढे झाले, हात जोडून मोठ्याने म्हणाले, "धाकटीचं लग्न मी करून देईन." तेव्हा कावळा आला. मी त्या वेळी बारा वर्षांची होते आणि हा योगायोग आहे, असं सगळ्यांना सांगत फिरले होते. पण एक गोष्ट लक्षात राहिली होती. मनातल्या मनात कबूल करून चालत नाही. ज्याच्यामुळे अडलंय, त्याने ते तोंडाने बोलावं लागतं.

इथे मी अडवलं होतं.

दुसरा भोंगा झाला.

कॅरिअरवर काय होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. तिथे काहीच दिसत नव्हतं. नुसतं ऊन पडलं होतं. तरी मी त्या रिकाम्या जागेसमोर उभी राहिले आणि हात जोडले. परीक्षित मान वळवून माझ्याकडे बघत होता.

"आई, आज तिकिटं काढते. परत येता आलं नाही तरी चालेल. तुम्हाला अंबाळ्याला नेते."

स्प्रिंग एकदा कुरकुरली आणि चारही चुण्या सुटल्या.